दहावीच्या वर्गाचा स्नेहमेळावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या एका गावातील माध्यमिक शाळेतून मार्च १९९५ मध्ये दहावीच्या परीक्षेला बसलेल्या आमच्या वर्गाने आजवर दोन वेळा स्नेहमेळावा भरवला. तेव्हापासून आसपासच्या गावांतील आणि पुढच्या-मागच्या वर्षांच्या तुकड्यांकडून विचारणा होत राहिली. तेच उत्तर दहा जणांना फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावे, म्हणून ही प्रश्नोत्तरे. ती खेड्यातील, मराठी माध्यमाची, अनुदानित शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. शहरातील शाळांना यांतला काही भाग लागू पडणार नाही.

मेळाव्याला कोणाला बोलवायचे? दहावी उत्तीर्ण झालेल्यांनाच की सर्वांना?

आठवी ते दहावी या तीन वर्षांत ज्यांचे नाव वर्गाच्या हजेरीपटावर एकदा तरी होते, त्या सर्वांना बोलवावे. हा प्रश्न मुद्दाम पहिला घेतला आहे, कारण पुढचे बहुतेक घोळ इथेच सुरू होतात. ‘पंच्याण्णवची बॅच’ असे म्हटले की संयोजकांच्या डोळ्यांपुढे मार्चमध्ये उत्तीर्ण झालेले, अकरावीला तालुक्याच्या गावी गेलेले आणि ज्यांचे फोन क्रमांक आपल्याकडे आधीपासूनच आहेत असे पंधरा-वीस जण येतात. गणितात किंवा इंग्रजीत अडकून ऑक्टोबरच्या परीक्षेला बसलेले, पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिलेले, नववीतच ज्यांची शाळा सुटली ते, यांच्यापर्यंत बोलावणे जात नाही. त्यांना कोणी मुद्दाम टाळत नाही. ते आठवत नाहीत, इतकेच. आपण आठवलो नाही हे मात्र त्यांना दुसऱ्या दिवशी गावच्या एसटी थांब्यावर कळते.

वरच्या वर्गात नापास होऊन आपल्या वर्गात आलेल्यांना, तसेच आपल्या वर्गातून मागे राहिलेल्यांना, दोन्ही वर्षांच्या तुकड्यांनी निमंत्रण द्यावे. दोन मेळाव्यांचे जेवण मिळवणारे तेवढेच.

आमची तुकडी जुन्या अकरावीची आहे. निमंत्रणात वर्ष कसे लिहावे?

महाराष्ट्रात १९७५ मध्ये जुन्या पद्धतीच्या अकरावीची शेवटची आणि नव्या पद्धतीच्या दहावीची पहिली अशा दोन्ही शालान्त परीक्षा झाल्या. त्यामुळे त्या एका वर्षी शाळांतून दोन वर्ग एकदम बाहेर पडले. निमंत्रणात नुसते ‘१९७५ ची तुकडी’ असे लिहिल्यास दोन्ही वर्गांतील मंडळी येतील किंवा दोन्हींतील येणार नाहीत. ‘जुनी अकरावी’ किंवा ‘दहावीची पहिली तुकडी’ असे स्पष्ट लिहावे. तसेच ‘स्नेहसंमेलन’ हा शब्द टाळावा; शाळेत तो सध्याच्या विद्यार्थ्यांच्या वार्षिक कार्यक्रमासाठी रूढ आहे, आणि एका तुकडीच्या निमंत्रणावरून गुरुजी खरोखरच नाटुकल्यांच्या बक्षीस समारंभाचे भाषण तयार करून आले होते.

सर्वांची नावे कुठून मिळवायची?

आठवणीतून नव्हे. आठवणीतून केलेली आमची पहिली यादी अडतीस नावांची होती. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून ती एकसष्ट नावांची झाली. वर्गाचा हजेरीपट, ज्याला शिक्षक कॅटलॉग म्हणतात, बहुधा काही वर्षांनी रद्दीत जातो. जनरल रजिस्टर मात्र शाळेला कायम जपावे लागते, कारण पन्नास वर्षांनीही शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत त्याच्यावरूनच निघते. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज करावा, काम कशासाठी आहे ते सांगावे आणि लिपिकाच्या सोयीच्या वेळी, त्यांच्या समोर बसून फक्त नावे उतरवून घ्यावीत.

रजिस्टरच्या पानांचे छायाचित्र घेऊ नये, आणि ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. त्या एकाच ओळीत विद्यार्थ्याची जात, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण असे सर्व लिहिलेले असते. यांतली जन्मतारीख बहुतेकांची १ जून असते, कारण पहिलीत नाव घालताना आईवडिलांना तारीख आठवली नाही की गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख घालून टाकत. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पाऊस पडतो आणि बरेच जण त्या पावसात मुकाट्याने भिजतात. पण शेवटचा रकाना गमतीचा नाही. आमच्या वर्गातील सात नावांपुढे तांबड्या शाईने ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’ असा शेरा आहे. ती सात माणसे का गैरहजर राहिली, हे रजिस्टरात नाही; ते ज्याचे त्यालाच सांगायचे असेल तर सांगू द्यावे.

वर्गातील मुलींचा शोध लागत नाही. काय करावे?

सर्वांत जास्त वेळ या कामाला ठेवावा. लग्नानंतर आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते, आणि आपल्याकडे काही घरांत लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदलतात; म्हणजे रजिस्टरमधील तिन्ही शब्दांपैकी एकही शब्द आज तिच्या आधार कार्डावर नसण्याची शक्यता असते. फेसबुकवर जुने नाव टाकून शोधणे त्यामुळे व्यर्थ आहे.

शोधाची खरी वाट माहेरच्या उंबऱ्यावरून जाते. तिचा भाऊ गावातच असेल तर त्याला भेटावे. मात्र वर्गातील पुरुषांनी भावाकडे जाऊन थेट बहिणीचा क्रमांक मागणे टाळावे. वर्गातील जी मुलगी गावात किंवा जवळपास नांदते आहे, तिने त्या घरातील वहिनीला किंवा आईला भेटून विचारावे आणि आपला क्रमांक देऊन यावा, म्हणजे बोलायचे की नाही हे तिच्या हाती राहते. आमच्याकडे हे काम दोघींनी केले. एक आशा स्वयंसेविका आहे आणि दुसरी बचत गटाचे काम पाहते, त्यामुळे दोघींनाही दहा गावांतील घरे ठाऊक होती. त्यांनी तीन महिन्यांत एकोणीस जणींचा ठाव लावला. पुरुष संयोजकांनी त्याआधी वर्षभरात चौघींचा लावला होता.

सापडल्यावर तिने यावे म्हणून भरीस पाडू नये. सासरी विचारावे लागते, घरी म्हातारी माणसे असतात, शाळेतील मुलांबरोबर कार्यक्रम म्हटले की भुवया उंचावतात. हे सर्व आजही आहे. अशा वेळी निमंत्रण तिच्या नावाने छापील स्वरूपात घरी पाठवणे उपयोगी पडते, कारण शाळेचे नाव असलेला कागद घरात दाखवता येतो. कार्यक्रम दिवसाउजेडी संपेल, हे त्यावर वेळेसह लिहावे.

परराज्यात गेलेल्या वर्गमित्रांना कसे गाठावे?

आमच्या भागापुरते याचे उत्तर सोपे आहे. खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायात देशभर पसरली आहेत. जुने दागिने आणि सराफाच्या दुकानातील केर वितळवून, आम्लाने शुद्ध करून त्यातील सोने-चांदी वेगळी काढण्याचे हे काम. एकाने दूरच्या शहरात दुकान टाकायचे आणि मग भाचा, पुतण्या, भावकीतील पोरगा असे एकेकाला बोलावून घ्यायचे, अशी त्याची रीत आहे. तांबड्या शाईच्या सात नावांपैकी चौघे याच वाटेने गेले होते. त्यांतील एकाची आठवण वर्गात ‘अचानक यायचा बंद झाला’ एवढीच होती. तो चौदाव्या वर्षी मामाबरोबर केरळात गेला, आज मल्याळम उत्तम बोलतो, आणि मेळाव्याच्या दिवशी रेल्वेने दोन रात्री प्रवास करून सर्वांच्या आधी शाळेच्या फाटकात उभा होता.

अशा मंडळींचा पत्ता गावच्या यात्रेत लागतो. वर्षभर कुठेही असोत, यात्रेला येतातच. त्या दोन दिवसांत देवळाच्या पारावर बसून जितके क्रमांक मिळतात, तितके सहा महिन्यांच्या फोनाफोनीत मिळत नाहीत. इतर भागांनी आपापला ‘पार’ शोधावा: कोकणात गणपती आणि शिमगा, बीडकडे ऊसतोडणीच्या टोळ्या परतण्याचा काळ.

तारीख कोणती धरावी?

नोकरदारांच्या सोयीने तारीख ठरते आणि शेतकरी गळतात, हा नेहमीचा अनुभव आहे. मे महिन्यात शाळा रिकामी असते, परंतु लग्नसराई, पाण्याची टंचाई आणि पत्र्याच्या वर्गातील उकाडा यांचा विचार करावा. ऑक्टोबरात द्राक्षबागांची फळछाटणी सुरू झाली की बागाईतदार औषधफवारणीच्या वेळापत्रकातून अर्धा दिवसही काढू शकत नाही. ऊस पट्ट्यात दिवाळीनंतर कारखाने पेटलेले असतात. टोळी आली की शेतकऱ्याला फड सोडता येत नाही आणि तोडणी करणारे वर्गमित्र तर गावातच नसतात. सर्वांना सोयीची तारीख नसते. कोणाला गैरसोयीची व्हावी हे आधी ठरवावे लागते.

आम्ही दुसऱ्या वेळी भाऊबीजेचा दुसरा दिवस धरला. बहिणी माहेरी आलेल्या असतात, पुण्या-मुंबईचे लोक परतलेले नसतात आणि शाळेला सुट्टी असते. पहिल्या मेळाव्याला नऊ मुली आल्या होत्या, दुसऱ्याला एकवीस. तारखेची घोषणा किमान चार महिने आधी करावी; रेल्वेचे आरक्षण मिळणे त्यावर अवलंबून असते.

व्हॉट्सॲप ग्रुप कसा चालवावा?

एकच ग्रुप असावा आणि मेळाव्यापर्यंत त्यात फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी व्यवस्था ठेवावी. शिळोप्याच्या गप्पांसाठी हवा तर दुसरा ग्रुप काढावा, म्हणजे तारीख आणि वर्गणीचा निरोप सुप्रभाताच्या फुलांखाली दबणार नाही. कोणालाही परवानगी न घेता ग्रुपमध्ये ओढू नये, विशेषतः स्त्रियांना. ग्रुपमध्ये आल्याबरोबर तिचा क्रमांक पन्नास पुरुषांकडे जातो. ॲडमिनपैकी एक तरी स्त्री असावी. रात्री अकरा वाजता एखाद्या वर्गभगिनीला स्वतंत्रपणे ‘ओळखलंस का’ असे लिहिणारा प्रत्येक वर्गात एखादा निघतो. त्याला सर्वांसमोर नव्हे, परंतु त्याच रात्री फोन करून समज द्यावी. आम्हाला तो फोन एकदा करावा लागला आणि तो करायला आम्ही आठवडा लावला, ही आमची चूक होती. तोवर दोघी ग्रुप सोडून गेल्या होत्या.

वर्गणी किती ठेवावी?

आधी खर्चाचा अंदाज काढावा आणि माणशी जेवणाचा खर्च निघेल एवढीच वर्गणी सक्तीची न म्हणता ‘अपेक्षित’ म्हणून जाहीर करावी. कोणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकण्याची पद्धत आम्हाला मान्य नाही. पाच हजार देणाऱ्याच्या नावाखाली रिकामी जागा दिसली की ज्याने दोनशे द्यायचे ठरवले होते तो दोनशेही देत नाही आणि मेळाव्यालाही येत नाही. आम्ही यूपीआयने पैसे घेण्यासाठी एकाचे वेगळे खाते ठेवले, आणि मेळाव्याच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर सर्वांना एकसारखी कोरी पाकिटे देऊन ती एका पेटीत टाकायला सांगितले. काही पाकिटे रिकामी निघाली. हिशेब तरीही जुळला, कारण काहींमध्ये दुप्पट होते.

मी काही मोठा झालो नाही. तिथे येऊन काय सांगू?

हा प्रश्न लेखी कोणी विचारत नाही. फोनवर ‘बघू, जमलं तर येतो’ या शब्दांत तो येतो. त्याचे उत्तर निमंत्रणात नव्हे, कार्यक्रमाच्या आखणीत द्यावे लागते.

पहिल्या मेळाव्यात आम्ही प्रत्येकाला उभे राहून नाव, हुद्दा आणि ठिकाण सांगायला लावले. बँकेतील अधिकारी, फौजदार, पुण्यातील अभियंता यांची ओळख पाच-पाच मिनिटे चालली. मग एक मित्र उठला, ‘शेती’ एवढे म्हणाला आणि बसला. त्याच्यानंतरच्या चौघांनी तेवढेही म्हटले नाही. दुसऱ्या वेळी ही पद्धत बंद केली. सर्वांना जुन्या बाकांवर, जिथे आठवत असेल तिथे बसवले आणि आमच्या वर्गशिक्षकांना जुन्या क्रमाने हजेरी घ्यायला सांगितली. मुलींची नावे माहेरच्या आडनावांनी वाचली. सरांचा आवाज आता बारीक झाला आहे, त्यामुळे ‘हजर’ ऐकू येण्यासाठी वर्ग आपोआप शांत राहिला. आपले जुने पूर्ण नाव अठ्ठावीस वर्षांनी मोठ्याने ऐकून एक वर्गभगिनी ‘हजर’ म्हणायचे विसरली. सरांनी चष्म्यावरून पाहून दुसऱ्यांदा पुकारले. त्यानंतर प्रत्येकाने शाळेतील एकच प्रसंग सांगायचा होता, आणि त्यात शेती करणारा तो मित्र सर्वांत जास्त वेळ बोलला.

सत्कारही याच कारणासाठी वगळावेत. आपल्याच वर्गातील यशस्वी माणसाला आपल्याच मेळाव्यात शाल घालण्याचे प्रयोजन आम्हाला कळलेले नाही.

शिक्षकांना कसे बोलवावे?

समक्ष जाऊन. माध्यमिक शिक्षकांचे निवृत्तीचे वय ५८ आहे. त्यामुळे तीस वर्षांपूर्वी शिकवणाऱ्यांपैकी अगदी तरुण वगळता सर्व आज निवृत्त असतात आणि बरेच जण गाव सोडून मुलाकडे राहायला गेलेले असतात. ने-आण करण्यासाठी गाडी आणि एक माणूस ठरवावा, पाठीला टेकू असलेली खुर्ची द्यावी, स्वच्छतागृह जवळ आणि वापरण्याजोगे आहे ना हे आदल्या दिवशी स्वतः पाहावे. भाषणे दुपारच्या जेवणापूर्वी आटपावीत. पाद्यपूजा करावी की नाही यावर तुकड्यांत वाद होतात. आमच्या सरांनी ‘माझे पाय दुखतात, बसून बोला’ असे सांगून तो निकालात काढला.

शिपाईमामा आणि लिपिक यांना शिक्षकांच्याच रांगेत बसवावे. तास भरल्याची आणि सुटल्याची घंटा ज्यांनी दिली, त्यांना मागे उभे ठेवून पाणी वाटायला लावल्याचे दृश्य एका मेळाव्यात पाहिले आहे.

एखाद्या शिक्षकाच्या माराची आठवण कोणाच्या मनात अजून ताजी असू शकते. विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षा देण्यास मनाई करणारा शिक्षण हक्क कायदा २००९ चा; आमच्या काळी निरगुडीचा फोक हे शैक्षणिक साहित्य होते. ‘ते सर येणार असतील तर मी येणार नाही’ असे कोणी म्हटले तर त्याची समजूत घालत बसू नये आणि कारण इतरांना सांगू नये.

दिवंगत वर्गमित्रांना श्रद्धांजली वाहताना काय काळजी घ्यावी?

प्रत्येक नावाची त्या घरी जाऊन खात्री करावी. आमच्या वर्गात एकाच नावाचे आणि आडनावाचे दोघे होते, फक्त वडिलांची नावे वेगळी. पहिल्या मेळाव्याच्या फलकावर चुकीच्या वडिलांचे नाव पडले, आणि ज्याचे नाव पडले तो गृहस्थ चहाचा कप हातात घेऊन त्या फलकासमोर उभा होता. तो स्वतः हसला. सोबत आलेली त्याची पत्नी हसली नाही.

पती, पत्नी आणि मुलांना आणावे का?

पहिल्या वेळी आणले, दुसऱ्या वेळी नाही. सोबतची माणसे दिवसभर अनोळखी लोकांच्या जुन्या विनोदांवर हसत बसतात, आणि वर्गातील माणूस त्यांची सरबराई करण्यात अडकतो. एखादीला पतीबरोबरच येणे शक्य असेल तर अर्थातच अपवाद करावा आणि त्यांच्या जेवणाची व चांगल्या सोबतीची सोय ठेवावी.

मद्यपानाची व्यवस्था असावी का?

शाळेच्या आवारात नाही, आणि त्यानंतर ‘फक्त मुलांचा’ वेगळा कार्यक्रमही संयोजकांच्या नावावर नाही.

विमा, भूखंड, साखळी व्यवसाय किंवा निवडणुकीचा प्रचार करणाऱ्यांचे काय करावे?

मेळाव्यात आणि मुख्य ग्रुपवर याला बंदी आहे, हे पहिल्याच निरोपात लिहावे. नंतर लिहिले की ते कोणाला तरी उद्देशून लिहिल्यासारखे दिसते.

शाळेला भेट द्यायची आहे. कशी द्यावी?

आधी मुख्याध्यापकांना विचारावे. न विचारता दिलेल्या घड्याळांनी आणि देणगीदारांची नावे कोरलेल्या लोखंडी बाकड्यांनी शाळांचे व्हरांडे भरलेले आहेत. गरज मात्र मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची किंवा पाण्याच्या टाकीची असते. पैसे द्यायचे असल्यास शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या खात्यात द्यावेत आणि पावती घ्यावी. प्राप्तिकरातील देणगीची, ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत संस्थेची तशी नोंदणी असेल तरच मिळते, दोन हजार रुपयांवरील रोख देणगीवर मिळत नाही, आणि नव्या कररचनेत ती नाही.

वर्गातील कोणी परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर त्याची देणगी, तो जन्माने याच गावचा असला तरी, विदेशी योगदान नियमन कायद्याखाली विदेशी ठरते. संस्थेला त्यासाठी केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. परदेशात नोकरीला असलेला पण भारतीय पारपत्र बाळगणारा वर्गमित्र आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर त्याला हा अडसर नाही. आमच्या एका मित्राची रक्कम या फरकामुळे परत पाठवावी लागली. त्याने त्याऐवजी सुट्टीत येऊन आठवडाभर दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवले.

छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकावीत का?

समूहाचे एक छायाचित्र, सर्वांना आधी सांगून. काही जणी केवळ हे छायाचित्र बाहेर जाणार नाही या शब्दावर आलेल्या असतात. त्यांना छायाचित्र काढणाऱ्याच्या मागे उभे राहता येईल एवढी सवड द्यावी.

मेळावा झाल्यावर कोणते काम उरते?

आठ दिवसांत हिशेब, पावत्यांच्या छायाचित्रांसह, ग्रुपवर द्यावा; शिल्लक रकमेचे काय करायचे ते सर्वांना विचारावे. न आलेल्या प्रत्येकाला फोन करावा, आणि ‘का आला नाहीस’ असे विचारू नये. यादी मात्र बंद करू नये. आमच्या एकसष्ट नावांपैकी चार नावांपुढे अजून काही लिहिलेले नाही. त्यांत तांबड्या शाईच्या शेऱ्याची एक मुलगी आहे; आठवीच्या दुसऱ्या सत्रानंतर ती शाळेत आली नव्हती. तिचे घर पडले आहे, आईवडील राहिले नाहीत. गलाईच्या कामाला गेलेला तिचा धाकटा भाऊ मदुराईला असतो, असे मागच्या यात्रेत पारावर कळले. तो पुढच्या यात्रेला येणार आहे.